मशीन बदललं की हात बदलायचा की सेटिंग?

नळस्टॉप
हिंजवडीच्या ऑफिसात विंडोज, कोथरूडला घरी मॅक. दोन वर्षं मी "होईल सवय" म्हणत काढली. गेल्या महिन्यात एका ग्राहकाला रक्कम कळवायची होती. सकाळभर घरी मॅकवर काम केलेलं, त्यामुळे ऑफिसात कॉपी करताना अंगठा आपसूक स्पेसबारशेजारी गेला. मॅकवर तिथे कमांड असते, विंडोजवर ऑल्ट. कॉपी झालीच नाही. पेस्ट मात्र माउसने केलं आणि क्लिपबोर्डवर आधीचा, दुसऱ्याच ग्राहकाचा आकडा होता, तो गेला. निस्तरायला दोन दिवस लागले.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. हात एकच आहेत, तर कळांची जागाही एकच हवी. मॅकच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात कीबोर्ड शॉर्टकट्स, त्यात मॉडिफायर कीज. बाहेरून जोडलेला कीबोर्ड निवडा, कंट्रोलची कमांड करा आणि कमांडची कंट्रोल. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड तसाच राहतो. आता कॉपी, पेस्ट, सेव्ह सगळं दोन्हीकडे कोपऱ्यातल्या कळीवर. एक फायदा तर नंतर लक्षात आला. मॅकवर भाषा बदलायला कंट्रोल-स्पेस, विंडोजवर विंडोज-स्पेस. मी घरी विंडोजचाच साधा कीबोर्ड जोडते, त्यामुळे अदलाबदलीनंतर भाषेची कळही दोन्हीकडे एकाच जागी आली! मराठी-इंग्रजी सारखं आलटून पालटून लिहिणाऱ्याला याचं मोल कळेल.

स्क्रोलिंगचंही तसंच. अ‍ॅपलने २०११ साली मॅकच्या 'लायन' आवृत्तीत दिशा उलटी केली, विंडोजचा माउस जुन्याच दिशेने चालतो. मी मॅकवरचं 'नॅचरल स्क्रोलिंग' बंद केलं. नवं मशीन हातात आलं की पहिला अर्धा तास यातच घालवावा, असं मी प्रत्येकाला सांगते.

दुरुस्तीवाला
ताई, झालं ते वाईटच, पण औषध मला पटत नाही. मी एका कंपनीत सपोर्टला आहे, दिवसाला दहा-बारा जणांच्या मशीनवर बसतो. फोनवर "कंट्रोल दाबा" म्हणावं, समोरच्याने कळा फिरवलेल्या असाव्यात आणि भलतंच काही उघडावं, यात माझी अर्धी दुपार जाते. तुमच्या जागी कोणी बदलीवर बसलं तर त्याने काय करायचं?

शिवाय तुमची अदलाबदल पुरी होत नाही. विंडोजवर खिडक्या बदलायला ऑल्ट-टॅब. मॅकवर कमांड-टॅब, म्हणजे तुमच्याकडे आता कोपऱ्यातली कळ आणि टॅब. ब्राउझरमध्ये टॅब बदलायला कंट्रोल-टॅब लागतं, ते तुमच्या मॅकवर विंडोजच्या कळीवर गेलं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालू काम थांबवायचं कंट्रोल-सी, तेही तिकडेच. होम-एंडचं काय? विंडोजवर ओळीच्या टोकाला नेतात, मॅकवर बहुतेक ठिकाणी थेट पानाच्या वर-खाली. एक भोक बुजवलं की दुसरं दिसतं. त्यापेक्षा दोन्ही मशीन आहेत तशी शिकावीत. स्कूटर आणि गिअरची गाडी दोन्ही चालवणारे पुण्यात थोडे आहेत का?

नळस्टॉप
गाडीची उपमा नको. स्कूटरवर बसल्यावर अंगालाच कळतं की ही स्कूटर आहे. इथे दोन्हीकडे तोच ब्राउझर, तीच एक्सेलची शीट, पडद्याकडे बघून हाताला काहीच कळत नाही. चूक तिथेच होते. ऑल्ट-टॅब चुकलं तर खिडकी बदलत नाही, एवढंच. कॉपी चुकली तर आकडा चुकतो. सगळं जुळत नसेल, पण जिथे नुकसान होतं तिथे तरी जुळवावं ना? आणि माझ्या मशीनवर मीच बसते. दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये, हे मान्य.

खिळेजुळारी
सदाशिव पेठेत डीटीपी करतो, तीसेक वर्षं झाली. श्रीलिपी या फाँटच्या सॉफ्टवेअरवर टाइपरायटरच्या पद्धतीने हात बसलेला. युनिकोडसाठी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर, आलो तेव्हा तीन महिने बोटं अडखळत होती. पण आता विंडोज असो, मॅक असो, मुलाचं लिनक्स असो, र जिथे आहे तिथेच, शिफ्ट दाबून ऱ, म्हणजे 'दऱ्या' आणि 'चऱ्हाट' कुठेही लिहिता येतं. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. १९८६ साली सरकारी पातळीवर हा आराखडा ठरला म्हणून हे सुख. माझं म्हणणं ताईंच्याही पुढचं आहे. जुळवण्याचं काम माणसावर यायलाच नको, कंपन्यांनी बसून एक कळफलक ठरवायला हवा होता.

दुरुस्तीवाला
काका, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. तुम्ही स्वतःचा नकाशा बनवला नाहीत, सगळ्यांचा असलेला शिकलात.

खिळेजुळारी
सगळ्यांचा एक होता म्हणून शिकलो. कमांड आणि कंट्रोलचा एक कुठे आहे?

टॅक्टाइल
मधला रस्ता आहे. कळांचा नकाशा कीबोर्डातच साठवणारे कीबोर्ड मिळतात, 'व्हिया' हे कळा फिरवायचं सॉफ्टवेअर चालणारे. नकाशा एकदा भरला की तो कीबोर्डाबरोबर फिरतो. ऑफिसच्या मशीनवर काही टाकावं लागत नाही, परवानगी मागावी लागत नाही. काहींना बाजूला मॅक-विंडोज असा खटकाही असतो. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या सॉफ्टवेअरने कळा फिरवता येतात, पण लॉगिनच्या पडद्यावर तो बदल चालत नाही. कीबोर्डातला नकाशा तिथेही चालतो. बदलीवर कोणी आलं तर आपला कीबोर्ड काढायचा, कंपनीचा जोडायचा.

दुरुस्तीवाला
याला माझी हरकत नाही. मशीन शाबूत राहतं. पण लॅपटॉप उचलून मीटिंगला गेलात की तिथे मूळचाच कीबोर्ड, म्हणून मूळ शिकाच.

नळस्टॉप
मीटिंगमध्ये मी रकमा पाठवत नाही :) खटक्याचा कीबोर्ड या शनिवारी तपकीर गल्लीत बघते. ट्रॅकपॅडचं मात्र राहिलंय. मॅकवर माउसची दिशा बदलली की ट्रॅकपॅडचीही बदलते, आणि ट्रॅकपॅडवर मला नवी दिशाच बरी वाटते. दोन्हींच्या दिशा वेगळ्या ठेवणारं काही वापरता का कोणी?

टॅक्टाइल
'स्क्रोल रिव्हर्सर'. फुकट आहे. मॅकवरचं 'नॅचरल स्क्रोलिंग' पुन्हा चालू करा आणि यात फक्त माउसवर खूण करा.