मदत हवी आहे: रस्त्याखालच्या मोरीतून प्राणी जातील असं काही करता येईल का?

मंडळी, जंगलाला चिकटून जाणारा आमच्या इथला रस्ता आता चौपदरी होतोय आणि प्राण्यांची ये-जा नेमकी तिथूनच आहे, परवा सकाळी एक उदमांजर मेलेलं दिसलं, अंगावर जखम अशी नव्हतीच, फक्त तोंडातून थोडं रक्त, फार वाईट वाटलं. जवळच एक मोरी आहे, तिच्या तोंडाशी चिखलात पंजे उमटलेत पण आत पाणी तुंबलंय म्हणून सगळे ठसे माघारी वळलेत.

पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी ९ पूल-भुयारी मार्ग केलेत आणि वाघसुद्धा खालून जातात, हे माहितीये. कॅनडात बान्फ राष्ट्रीय उद्यानात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालून प्राण्यांना क्रॉसिंगकडे वळवलं, तिथे अपघात ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले, म्हणजे नुसती मोरी पुरत नाही, कुंपणही लागतंच (हे कितीजणांना पटवून देतोय मी!).

तर कोणी असं काम केलंय का? मोरीत पाण्याच्या वर कोरडी कड बांधली तर छोटे प्राणी वापरतात का, किती रुंद ठेवायची? आणि मोरीत असा बदल करा म्हणून अर्ज द्यायचाय, तर कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) फोटो नसतील तर नुसते ठसे, तारीख, जीपीएस एवढ्यावर तो टिकेल का? काम सुरू व्हायच्या आत द्यायचाय, प्लीज सांगा.