संध्याकाळनंतर गोव्यात बसवर विसंबता येतं का?

साखळीकर:
लेकीला पणजीत नोकरी लागली. घरचे म्हणतात, स्कूटर घेऊन द्या. माझा विरोध आहे. गोव्यात अपघातांत सर्वांत जास्त जीव जातात ते दुचाकीवाल्यांचेच. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, नोंदणी झालेली वाहनं आज त्याहून जास्त आहेत. त्यात आणखी एक कशाला? बसमध्ये चार माणसं सोबत असतात, पास काढला की खर्चही कमी.

डिचोलीची मुलगी:
काका, दिवसा तुमचं म्हणणं मान्य. पण ती कामावरून सुटते किती वाजता? गर्दी ओसरली की खाजगी बसवाल्याला फेरी परवडत नाही, मग शेवटची फेरी तो मारतच नाही. परमिटवर वेळ असते, स्टँडवर बस नसते. आणि मला बसमध्ये भीती वाटत नाही, उतरल्यावर वाटते. थांबा हमरस्त्यावर, घर आत वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत. मधल्या वाटेवर दिवा नाही, एका अंगाला काजूची बाग, त्यात भटकी कुत्री. फोन कानाला लावून ‘आलेच, वळणावर आहे’ म्हणत चालायचं. शेवटी बाबा स्कूटर घेऊन थांब्यावर यायला लागले. म्हणजे घरात गाडी लागलीच ना?

फोंडेकर:
सगळ्या बसगाड्या एका मापाने मोजू नका. सरकारी कदंबची पणजी-मडगाव शटल बघा: खिडकीवर तिकीट, रांगेने चढायचं, मध्ये थांबा नाही. खाजगी बसमध्ये मात्र क्लीनर दारात उभा राहून ‘फुडें वच, फुडें वच’ (पुढे जा) ओरडतो आणि पाठीला हात लावून माणसं आत कोंबतो. बायकांनी हे का सोसायचं?

पेडण्याचा:
पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, आहेत की! पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल थेट दारापर्यंत सोडते. स्टँडवरचे पायलट वर्षानुवर्षं तेच असतात, तोंडओळख होते.

डिचोलीची मुलगी:
ओळखीचा असला तरी रात्री काळोखात त्याच्यामागे बसायचं की नाही, हे जिचं तिने ठरवावं. शिवाय रोज पायलट केला तर पगारात उरणार काय? ॲपवरची टॅक्सी २०१८पासून आहे, पण साखळीपर्यंतचं भाडं रोजचं नाही परवडत.

साखळीकर:
मग भांडण शेवटच्या बसचं आहे, बसचं नव्हे. २०१९पासून नोंदणी झालेल्या प्रवासी बसमध्ये लोकेशन यंत्र आणि इमर्जन्सी बटण सक्तीचं आहे. म्हणजे फेरी मारली की चुकवली, हे कळू शकतं. चुकवली तर परमिटवर कारवाई व्हावी. ग्रामसभेत हा विषय मी मांडणार, थांब्यापासून वाड्यापर्यंतच्या दिव्यांसकट.

डिचोलीची मुलगी:
जरूर मांडा, सही करायला मीही येते. पण दिवे लागेपर्यंत तिला स्कूटर द्या, काका. आणि चांगलं हेल्मेट.