रिसेल फ्लॅटला अजून दोन पार्ट्या लागल्यात, रेट वाढवू की सोडून देऊ?

पूर्वेकडची:
मंडळी जरा गाइड करा प्लीज. मुलुंड ईस्टला वन बीएचके बघतोय, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ४१५ स्क्वेअर फूट, स्टेशन चालत. मालक काका-काकू रिटायर्ड आहेत, मुलाकडे पुण्याला जाणार म्हणून विकतायत. मागत होते १ कोटी, आम्ही ९६ बोललो, ब्रोकर म्हणाला ९८ ला काकांना मनवतो, आता फक्त पेढे आणायचे बाकी अशी अवस्था आणि रात्री साडेदहाला त्याचा फोन की मॅडम अजून दोन पार्ट्या आल्यात, एक जण १ कोटी ६ द्यायला बसलाय, तुम्ही उद्या दुपारपर्यंत १ कोटी ८ बोला आणि टोकन टाका नाहीतर गेला म्हणून समजा. आमचं ताणून ताणून १ कोटी २ होईल, त्यापुढे नाहीच. नवरा म्हणतो ब्रोकरचा गेम आहे, सासूबाई म्हणतात मनात भरलंय तर चार पैशांकडे बघू नका (चार पैसे!!). दुसरी पार्टी खरी आहे का हे कसं ओळखायचं, आणि रेट न वाढवता आपली ऑफर वजनदार होऊ शकते का? किचनच्या खिडकीला लागून शेवगा आहे, शेंगा हाताला येतात, पण हे मी ब्रोकरसमोर बोलले नाहीये, तोंड बंद ठेवलंय.

टक्केटोणपे:
"उद्या दुपारपर्यंत" ऐकलं की मी आधी चहा ठेवतो. ताई एक फ्लॅट चार ब्रोकरांकडे असतो आणि एकच माणूस दोन ब्रोकरांकडून बघून जातो, त्याच्या दोन पार्ट्या होतात. पण खोटंच असेल असंही धरून चालू नका, स्टेशनजवळचा वन बीएचके कोटीच्या आसपास असेल तर माणसं खरंच तुटून पडतात. सरळ सांगा, काकांबरोबर मीटिंग लाव, चेकबुक घेऊन येतो, टेबलवर फायनल करू. पार्टी हवेतली असेल तर तो मीटिंग टाळत राहील किंवा आकडा आपोआप खाली येईल. आणि आयजीआरच्या (सरकारी नोंदणी खात्याच्या) वेबसाइटवर जाऊन त्याच बिल्डिंगचे मागच्या दोन-तीन वर्षांतले इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या व्यवहारांचे उतारे, काढा, कुठला फ्लॅट किती कार्पेट आणि कितीला रजिस्टर झाला सगळं दिसतं. ब्रोकरच्या तोंडचा रेट आणि तिथला रेट, मजा येते वाचायला.

ईएमआयग्रस्त:
बाकी सगळं सोडा, आधी बँकेचं व्हॅल्युएशन काय येईल ते बघा. बँक अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यू आणि स्वतःचं व्हॅल्युएशन यातलं जे कमी त्यावर लोन देते, आणि ७५ लाखांवरच्या लोनला आरबीआयची लिमिट ७५ टक्के आहे. आता समजा तुम्ही जोशात १ कोटी ८ बोललात आणि व्हॅल्युअरने १ कोटी लावले, तर लोन ७५ लाखच. वरचे ३३ लाख तुमचे, त्यात स्टॅम्प ड्युटी ६ टक्क्यांनी ६ लाख ४८ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, ब्रोकर एक टक्का धरला तर अजून १ लाख ८ हजार, म्हणजे रोख जवळजवळ ४१ लाख खिशातून. तोच फ्लॅट १ कोटीला घेतलात तर सगळं धरून ३२ लाखांच्या वर थोडंसं. वरचे ८ लाख बँक भरणार नाहीये, तुम्ही भरणार. फ्लॅट फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटी १ टक्का कमी लागते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती सूट गेली, घरी काय ते ठरवा. आणि जुनी बिल्डिंग म्हणताय तर व्हॅल्युअर ती अजून किती वर्षं उभी राहील हेही बघतो, लोनची वर्षं त्यावर ठरतात, हे टोकनच्या आधी विचारा.

बोरिवलीचा_पाहुणा:
मी विकणाऱ्याच्या बाजूने सांगतो. आमच्या बाबांचा फ्लॅट विकला तेव्हा तीन पार्ट्या होत्या आणि आम्ही सगळ्यात जास्त बोलणाऱ्याला दिला नाही. त्याचा ठाण्याचा फ्लॅट आधी विकला जायचा होता, म्हणजे त्याच्या गिऱ्हाइकाचं लोन अडकलं की आम्ही पण लटकलो. दुसरा प्रत्येक वेळी नवीन मामा-काका घेऊन यायचा. तिसऱ्याकडे सँक्शन लेटर तयार होतं, वकिलाने पेपर चाळून झाले होते, आणि बाबांना शेवटचा गणपती त्याच घरात बसवायचा होता तर तो म्हणाला विसर्जन करा मग चावी द्या. दीड लाख कमी घेऊन त्यालाच दिला. म्हातारी माणसं आकड्यापेक्षा कटकटीला जास्त घाबरतात हो. काकूंना विचारा पुण्याचं घर तयार आहे का, त्यांना कधी निघायचंय. दोन महिने जास्त हवे असतील तर द्या, फक्त अ‍ॅग्रीमेंटमध्ये पझेशनची तारीख घाला आणि थोडं पेमेंट चावीच्या दिवसासाठी मागे ठेवा.

पूर्वेकडची:
बापरे, ४१ लाखांचा आकडा नवऱ्याला दाखवला, त्याने आधी पाणी मागितलं. मीटिंग लागली शनिवारची, आणि मीटिंग म्हटल्यावर १ कोटी ६ वाली पार्टी आता १ कोटी ३ वर आलीये 🙄 पण ब्रोकरने नवीन काढलंय, ते लोक थोडी कॅश द्यायला तयार आहेत, तुम्ही पण १० लाख कॅशमध्ये बघा म्हणतो.

टक्केटोणपे:
अजिबात नाही. प्रॉपर्टीच्या व्यवहारात २०,००० किंवा वर कॅश घ्यायला इन्कम टॅक्सची बंदीच आहे, आणि दंड घेणाऱ्याला, घेतली तेवढाच. काकांसमोर हे नम्रपणे बोला, रिटायर्ड माणूस लगेच फुल व्हाइटवर येतो. वर कॅशवर तुम्हाला लोन मिळणार नाही ते वेगळंच. अजून एक, ५० लाखांच्या वरचा व्यवहार म्हणजे १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो, तो त्यांच्या पॅनवर जमा होतो. हे काकांना आधीच सांगा, नाहीतर शेवटी लाखभर रुपये कमी दिसले की त्यांना वाटेल फसवलं. टोकनचा चेक मालकाच्या नावाने, ब्रोकरच्या नाही. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर काका-काकू दोघांची नावं असतील तर पावतीवर दोघांच्या सह्या, आणि लोन नाकारलं किंवा टायटलमध्ये काही निघालं तर टोकन परत, ही ओळ पावतीवरच लिहून घ्या. तरी टोकन दिलं म्हणून निवांत झोपू नका, त्यानंतरही मालक फिरतात. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होईल तितकं लवकर करा.

गच्चीवरची_टाकी:
मधेच घुसतेय, पण लिफ्ट नसलेल्या वन बीएचकेला मागितल्यापेक्षा जास्त द्यायला कोणी का तयार होतंय? सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं काही चालू आहे का? नोटीस बोर्ड वाचलात का जिन्यातला?

पूर्वेकडची:
वाचला नव्हता, नवऱ्याला ऑफिसमधून येताना पाठवलं. पीएमसी (रिडेव्हलपमेंटचं काम बघणारा कन्सल्टंट) नेमण्यासाठी स्पेशल जनरल मीटिंग आहे पुढच्या महिन्यात!! काका काहीच बोलले नाहीत, कदाचित त्यांना वाटलं असेल हे दरवर्षीचंच.

गच्चीवरची_टाकी:
मग ती पार्टी इन्व्हेस्टर असणार, त्याला शेवगा-बिवगा काही नको, नवीन बिल्डिंगमधला वाढीव एरिया हवाय. हुरळून जाऊ नका, आमच्याकडे पीएमसी नेमून झाली आणि नंतर नुसत्या मीटिंगा, अजून त्याच गळक्या टाकीचं पाणी पितोय. तुमचे १ कोटी २ तुम्हाला राहायला घर म्हणून परवडतायत का तेवढंच बघून बोला. सेक्रेटरीकडे जाऊन मागच्या मीटिंगांची मिनिट्स मागा, काकांना बरोबर न्या म्हणजे नाही म्हणणार नाही. सोसायटीच्या रेकॉर्डला या फ्लॅटचं कार्पेट ४१५ च लागलंय का बघा, उद्या वाढीव एरिया त्याच आकड्यावर मोजतील. आणि कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम), काम चालू असतानाचं भाडं, जे काय बिल्डरकडून मिळेल ते सगळं घेणाऱ्याचं, ही ओळ अ‍ॅग्रीमेंटमध्ये शनिवारीच बोलून ठेवा, पीएमसी बसल्यावर काकांच्या मुलालाही सगळं आठवायला लागतं.