कॉपीराइट कायद्याला विरोध: गर्दी जमवावी की मतं मोजावीत?

मुक्तछंद
मुक्त इंटरनेटवर घाला घालणारा कॉपीराइट कायदा आला की सगळा जोर सह्या आणि मोर्चे यांवर जातो. माझं म्हणणं असं की निकाल ठरतो तो मतदानाच्या वेळापत्रकात आणि तिथे आपण कमी पडतो.

युरोपीय संघाचा २०१९ चा कॉपीराइट निर्देश घ्या, म्हणजे प्रत्येक सदस्य देशाने स्वतःच्या कायद्यात उतरवायचा नियम. वादाचं कलम १३, जे अंतिम मसुद्यात १७ झालं. लोकांनी अपलोड केलेल्या मजकुरासाठी मोठ्या प्लॅटफॉर्मलाच जबाबदार धरायचं, आणि परवाना नसेल तर तो मजकूर रोखण्याचा पुरेपूर प्रयत्न केला हे त्यांनीच सिद्ध करायचं. व्हिडिओंचा एवढा ओघ माणसं तपासू शकत नाहीत, म्हणजे व्यवहारात अपलोड आपोआप तपासून अडवणारा फिल्टर आलाच. २३ मार्च २०१९ ला एकट्या जर्मनीत लाखाच्या आसपास लोक रस्त्यावर उतरले. तीन दिवसांनी युरोपीय संसदेत, मसुद्यातल्या दुरुस्त्या मतदानाला घ्यायच्या का, हाच प्रश्न आधी आला. बाजूने ३१२, विरोधात ३१७. मग अख्खा निर्देश ३४८ विरुद्ध २७४ ने मंजूर झाला. नंतर काही सदस्यांनी पहिल्या मतदानात आपण चुकीचं बटण दाबल्याचं कळवलं. नोंद दुरुस्त झाली, निकाल तोच राहिला.

पाच मतं! कोणत्या क्रमाने मतदान आहे आणि कुठलं बटण दाबायचं याचा एक पानी तक्ता आपल्या बाजूच्या प्रत्येक सदस्याच्या हातात हवा होता.

नेटकरी
असहमत. चोरीचा मजकूर देणाऱ्या साइट अडवण्यासाठी अमेरिकेत आणलेली 'सोपा' आणि 'पिपा' ही विधेयकं तक्त्यांनी नाही पडली. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया निषेध म्हणून २४ तास बंद राहिला, गूगलच्या निवेदनावर ७० लाख सह्या झाल्या आणि दोनच दिवसांत सिनेटमधलं २४ जानेवारीचं मतदान पुढे ढकललं गेलं. ते पुन्हा कधी झालंच नाही. त्याच वर्षी 'ॲक्टा', म्हणजे नकली माल आणि कॉपीराइटभंग यांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार. पोलंडमधून मोर्चे सुरू झाले, फेब्रुवारीत ते युरोपभर पसरले आणि ४ जुलैला युरोपीय संसदेने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी करार फेटाळला. १६५ तटस्थ. गर्दी नसेल तर तुमचा तक्ता वाचणार कोण?

मुक्तछंद
@नेटकरी, त्या २४ तासांच्या आधीचे महिने तुम्ही सोडून दिलेत. मे २०११ मध्येच डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा) क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी 'पिपा'वर तांत्रिक टिपण काढलं होतं. मुद्दा एकच: इंटरनेट सेवादात्याने एखाद्या साइटचा पत्ता मुद्दाम चुकीचा द्यायचा, हे डीएनएससेक या डीएनएसच्या सुरक्षाव्यवस्थेशी जुळत नाही. डीएनएससेकमध्ये प्रत्येक उत्तरावर डिजिटल सही असते. आदेशामुळे दिलेलं खोटं उत्तर आणि हल्लेखोराने दिलेलं खोटं उत्तर यांत तपासणाऱ्या संगणकाला फरकच कळत नाही. या टीकेमुळे 'सोपा' मांडणाऱ्यांनी १३ जानेवारीला ती तरतूद काढायची तयारी दाखवली. म्हणजे साइट बंद होण्याआधीच विधेयक डळमळलं होतं.

आणि विकिपीडियाचं ते काळं पान नुसतं निषेधाचं नव्हतं. त्यात पिनकोड टाकला की आपल्या प्रतिनिधीचा संपर्क मिळे. सुमारे ८० लाख लोकांनी तो शोधला. गर्दी हवीच, पण तिच्या हातात फोन नंबरही हवा.

स्वरगंधा
तुम्ही दोघंही कलाकाराला बाजूला ठेवून बोलताय. जुन्या पद्धतीत प्रत्येक नक्कल संगीतकाराने शोधायची, तिची लिंक देऊन नोटीस पाठवायची, आणि ती काढली की दुसऱ्या नावाने पुन्हा चढणार. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी माणसं असतात. एकट्या संगीतकाराकडे कोण आहे? जाहिरातीचा पैसा तोवर प्लॅटफॉर्मकडेच जातो.

शिवाय कलम १७ नीट वाचा. उद्धरण, टीका, विडंबन यांना त्यातच संरक्षण आहे. विनानफा ज्ञानकोश वगळलेत. तीन वर्षांपेक्षा नवीन आणि एक कोटी युरोपेक्षा कमी उलाढाल असलेल्या सेवांना सौम्य नियम आहेत. 'मीमवर बंदी येणार' असा प्रचार झाला आणि ज्यांनी मसुदा वाचला होता त्यांचा विरोधकांवरचा विश्वासच उडाला.

पायवाट
@स्वरगंधा, नोटिशींच्या फेऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण कागदावरचं संरक्षण यंत्रात उतरत नाही. फिल्टर ध्वनीचा ठसा (त्याची आकड्यांतली ओळख) काढून हक्कदारांच्या कृतींच्या यादीशी ताडतो. समीक्षेत वाजवलेले दहा सेकंद आणि चोरून चढवलेले दहा सेकंद यांचा ठसा एकच. हक्क संपलेली शास्त्रीय रचना दोन वाद्यवृंदांनी वाजवली तर ठसे इतके जवळचे येतात की एकाच्या ध्वनिमुद्रणावर दुसऱ्याचा दावा लागतो. २०१८ मध्ये तर यूट्यूबवरच्या दहा तासांच्या नुसत्या खरखरीवर पाच दावे लागले होते.

पोलंडच्या याचिकेवर युरोपीय न्यायालयाने २६ एप्रिल २०२२ ला कलम कायम ठेवलं, पण वैध आणि अवैध यांत नीट फरक न करणारा फिल्टर चालणार नाही, असंही बजावलं. म्हणून माझ्या मते खरी लढाई देशोदेशीच्या अंमलबजावणी कायद्यात आहे. जर्मनीने तिथे आकडे घातले: १५ सेकंद ध्वनी किंवा व्हिडिओ, १६० अक्षरं, १२५ केबीचं चित्र. त्या मर्यादेतला वापर बिगरव्यावसायिक असेल, मूळ कृतीचा निम्म्याहून कमी भाग असेल आणि दुसऱ्या मजकुरासोबत आला असेल, तर तो परवानगीचा धरायचा, यंत्राने आपोआप अडवायचा नाही. अशा कलमासाठी मोर्चा निघत नाही. पण समितीत चार माणसं नेटाने बसली तर ते पदरात पडतं.

एकगठ्ठा ईमेलबद्दलही बोलायला हवं. २०१८ मध्ये युरोपीय संसदेकडे एकाच साच्याची इतकी पत्रं गेली की काही सदस्यांनी ती बॉटची म्हणून सोडून दिली, आणि शेवटी लोकांना 'आम्ही बॉट नाही' असे फलक धरावे लागले. पत्र पाच ओळींचं असावं. पहिल्या ओळीत मतदारसंघ, मग कलम आणि उपकलम, मग त्या मतदारसंघातल्या एखाद्या ग्रंथालयाला किंवा शिक्षकाला होणारी अडचण, आणि शेवटी एकच मागणी. दोन मागण्या घातल्या की सोपी तेवढी मान्य होते. आणि हे समितीच्या मतदानाआधी पोचायला हवं. २० जून २०१८ ला संसदेच्या कायदेविषयक समितीत कलम १३ पंधरा विरुद्ध दहा मतांनी संमत झालं, तेव्हा बहुतेक लोकांना हा विषय माहीतही नव्हता.

नेटकरी
समितीआधी पत्रं जावीत, हे मान्य. पण चार माणसं समितीत बसणार ती कुणाच्या जोरावर? ५ जुलै २०१८ ला संसदेने समितीचा तोच मसुदा ३१८ विरुद्ध २७८ ने अडवला, तो बाहेर उठलेल्या ओरड्यामुळे. सप्टेंबरपर्यंत जोर ओसरला आणि किरकोळ बदलांसह मसुदा ४३८ मतांनी पुढे गेला.

स्वरगंधा
मग माझा प्रश्न सरळ आहे. त्याच निर्देशात कलम १८ कलाकाराला योग्य मोबदला देतं, कलम २० जुना करार तुटपुंजा ठरला तर वाढीव रक्कम मागू देतं. तुमच्या एकाही पत्रकात त्यांना पाठिंबा का नसतो? तो असता तर संगीतकारांच्या संघटना समोरच्या बाजूला उभ्या राहिल्या नसत्या.

मुक्तछंद
@स्वरगंधा, १८ आणि २० ला माझा पूर्ण पाठिंबा, १७ ला विरोध कायम. पायवाट यांची 'एकच मागणी' मतदानाच्या पत्रासाठी योग्यच आहे, म्हणून हे वेगळ्या संयुक्त निवेदनात जावं. कच्चा मसुदा इथेच टाकतो. मोबदल्याची कलमं तुम्ही लिहा, सेकंदांची मर्यादा पायवाट लिहितील. पंधरा सेकंद तुम्हाला जास्त वाटत असतील तर किती चालतील, तेही सांगा.