'पर्यंत' म्हणजे बाय की टिल? 'शंका' म्हणजे डाऊट की सस्पेक्ट?

तांबडी_शाई:
ऑफिसचे मेल इंग्रजीत लिहिताना दोन जोड्यांपाशी दरवेळी अडतं. 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवा' याला 'सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' म्हटलं तर चूक, पण 'ऑफिस शुक्रवारपर्यंत बंद आहे' इथे टिलच हवं. मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत'च! डाऊट आणि सस्पेक्टचंही तेच, दोन्ही म्हणजे 'शंका'. लिहिता लिहिता पटकन ठरवता येईल अशी काही खूण आहे का?

टाकबोरू:
बाय-टिलमध्ये क्रियापदाकडे बघायचं. पाठवणं, भरणं, पोचणं, सही करणं ही एकदाच होऊन संपणारी कामं, त्यांना बाय. थांबणं, बंद असणं, वाट बघणं ही लांबत जाणारी, त्यांना टिल.

खूण अशी: 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारच्या आत पाठवा' सरळ वाटतं, म्हणजे बाय. 'ऑफिस शुक्रवारच्या आत बंद आहे' कानाला खटकतं, म्हणजे टिल. 'सेंड टिल फ्रायडे' शब्दशः घेतलं तर शुक्रवार येईस्तोवर पाठवतच राहा, असा अर्थ होतो.

खरी गंमत नकारात आहे. 'आय वोन्ट फिनिश बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार सरेल तरी काम झालेलं नसेल. कधी होईल, ते सांगितलेलंच नाही. 'आय वोन्ट फिनिश टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारशिवाय होणार नाही, पण शुक्रवारी होईल. पहिलं वाचून क्लायंट फोन करेल, दुसरं वाचून शुक्रवारची वाट बघेल.

शेरा_मारणारा:
'च्या आत'ची खूण चांगली आहे, पण एक भर. शुक्रवारच्या आत म्हटल्यावर शुक्रवार धरायचा की नाही, यावर मराठीतच वाद होतो. बाय फ्रायडेमध्ये शुक्रवार सहसा धरतात. तरी पैशांचा किंवा निविदेचा मामला असेल तर वेळच लिहून टाका: 'बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे'. सरकारी कागदांत 'ऑन ऑर बिफोर' लिहितात ते याचसाठी.

आता डाऊट. 'तो खोटं बोलतोय अशी मला शंका आहे' याचं 'आय डाऊट ही इज लाइंग' केलंत तर अर्थ थेट उलटा होतो: तो खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. तुम्हाला हवं आहे सस्पेक्ट. 'शंका आहे'च्या जागी 'वाटत नाही' बसलं तर डाऊट, 'असावं असं वाटतं' बसलं तर सस्पेक्ट. 'तो येईल की नाही शंकाच आहे' हे डाऊट. 'पंपात हवा धरली असावी' हे सस्पेक्ट.

सगळा दोष आपल्या मराठीचा नाही बरं का. जुन्या इंग्रजीत डाऊटला 'तसं असावं अशी भीती वाटणं' हाही अर्थ होता आणि स्कॉटलंडमध्ये तो अजून ऐकू येतो. वर्गातलं 'सर, आय हॅव अ डाऊट' मात्र आपल्याकडचं. परदेशी पाहुण्यासमोर क्वेश्चन म्हणा, नाहीतर त्याला वाटेल तुमचा त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही.

तांबडी_शाई:
'च्या आत' आणि 'वाटत नाही', दोन्ही कामाचं. मग 'तीन वर्षांपासून'चं सिन्स थ्री इयर्स का चालत नाही? 'पासून' तर आहे.

टाकबोरू:
कारण मराठीतलं 'पासून' दोन कामं करतं. '2019 पासून' यात सुरुवातीची खूण आहे, 'तीन वर्षांपासून' यात मोजलेला काळ. 'पासून' काढून पुढे 'गेली' लावून बघा. 'गेली तीन वर्षं' जमतं, म्हणून फॉर. 'गेली 2019' जमत नाही, म्हणून सिन्स. आणि क्रियापदही बदलतं: काम अजून चालू असेल तर 'आय अ‍ॅम वर्किंग' नव्हे, 'आय हॅव बीन वर्किंग फॉर थ्री इयर्स'. नुसता फॉर घालून पुढचं तसंच ठेवणारे पुष्कळ.

इन आणि विदिनमध्ये तर मराठीच जास्त नेमकी आहे. 'दहा मिनिटांनी फोन करतो' हे इन टेन मिनिट्स, 'दहा मिनिटांच्या आत करतो' हे विदिन. 'दोन दिवसांत पैसे देतो' याला इन टू डेज लिहिलं, तर समोरचा साधारण परवाचा हिशेब धरतो.

शेरा_मारणारा:
'पर्यंत'चं अजून एक राहिलं. हे सगळं वेळेपुरतं. जागेला बाय नाही आणि टिलही नाही. 'स्टेशनपर्यंत सोडतो' याचं 'आय विल ड्रॉप यू टिल द स्टेशन' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण तिथे अ‍ॅट द स्टेशन पुरतं. आणि 'तुमच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत येतो, तिथून परत फिरतो' असं असेल तर अ‍ॅज फार अ‍ॅज द स्टेशन.