मैदान कडक म्हणून पोट्टे जखमी, की सराव चुकतो म्हणून?

काळीमाती
ऑक्टोबर आला की नागपुरातल्या फुटबॉल ग्रुपांवर दरवर्षी तोच वाद पेटतो. कोणाचा घोटा मुरगळतो, कोणाचा गुडघा जातो, आणि मग दोष ग्राउंडचा की कोचचा यावर पन्नास मेसेज. माझ्या मते ग्राउंडचा वाटा मोठा आहे, आणि "ग्राउंड कडक आहे" एवढं म्हणून तो कळत नाही.

काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. जुलै-ऑगस्टमध्ये तिच्यावर सराव झाला की बुटाच्या तळाला असणाऱ्या स्टडची, म्हणजे खुंट्यांची, भोकं आणि टाचांचे खड्डे पडतात. पाऊस ओसरला की तेच खड्डे आहेत त्या आकारात वाळून पक्क्या विटेसारखे होतात. घोटे मुरगळतात ते तेव्हा. दुसरा वाईट काळ जूनच्या पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस. वरचा एक सेंटीमीटर निसरडा, खाली उन्हाळाभर तापलेला टणक थर. स्टड वर पकडत नाही, खाली शिरत नाही. टेकवलेला पाय पुढे सरकतो आणि मांडीमागचा स्नायू ताणला जातो. मे महिन्यात कडकपणा सर्वात जास्त असतो खरा, पण ४५ अंशांत तसंही कमीच लोक खेळतात.

आणि सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ती गोष्ट म्हणजे मधली क्रिकेटची पट्टी. सामायिक मैदानावर साधारण ३ मीटर रुंदीची, रोलर फिरवलेली ही पट्टी नेमकी सेंटर सर्कलमध्ये येते. भुसभुशीत भागातून धावत आलेला मिडफिल्डर तिथे वळतो तेव्हा दोन पावलांत पकड बदललेली असते.

तिसरा हाफ
मातीबद्दल वाद नाही. पण त्यावरून इजांचं कारण ठरवणं ही उडी मोठी आहे. युरोपातल्या व्यावसायिक क्लबांवर एकस्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. कृत्रिम टर्फ आणि गवत या दोन्हींवर एकूण इजांच्या प्रमाणात मोठा फरक निघाला नाही. टर्फवर घोटे जास्त मुरगळले, स्नायू कमी ताणले गेले. म्हणजे पृष्ठभागाने इजेचा प्रकार बदलला, बेरीज फारशी बदलली नाही.

आपल्याकडे बघा. सुब्रतो या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा फेऱ्या पावसाळ्यातच येतात. चौदा वर्षांचा मुलगा सकाळी शाळेच्या संघात, संध्याकाळी क्लबमध्ये, रविवारी मित्रांबरोबर बॉक्स टर्फवर, म्हणजे जाळीबंद छोट्या कृत्रिम मैदानावर. त्याआधीचे दोन महिने तो पूर्ण बसून होता. त्याच्या टाचेत दुखायला लागलं की "ग्राउंड कडक" म्हणायचं? या वयात टाचेच्या हाडाची वाढीची पट्टी उघडी असते, पोटरीचा स्नायू तिला ओढत राहतो. याला सेव्हर म्हणतात. गुडघ्याखालच्या गाठीवर हेच झालं की ऑसगुड-श्लॅटर. कडक जमिनीने दुखणं वाढतं, पण आठवड्याचे तास निम्मे केले की त्याच ग्राउंडवर ते कमीही होतं.

वॉर्म-अपचं तर विचारूच नका. फिफाचा ११+ हा २० मिनिटांचा, १५ व्यायामांचा कार्यक्रम फुकट उपलब्ध आहे. नॉर्वेत किशोरवयीन मुलींवर तो वापरून पाहिला, निष्कर्ष २००८ मध्ये आले, एकूण इजा साधारण एक-तृतीयांशाने कमी. इथे दोन चकरा मारायच्या, उभ्या उभ्या पाय ओढायचा आणि थेट शूटिंग.

काळीमाती
तुम्ही दिलेला अभ्यास चांगल्या टर्फची चांगल्या गवताशी तुलना करतो. दोन्हीकडे रोज निगा राखणारी माणसं. त्यावरून खड्ड्यांच्या, भेगांच्या मैदानाला निर्दोष कसं सोडता? कडकपणाचा पुरावा हवा तर ऑस्ट्रेलियात बघा. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या अंडाकृती चेंडूच्या खेळात, जॉन ऑर्चर्ड यांनी गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या इजा आणि हवामान यांचा मेळ घातला. आधी पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त असेल, तर विना-टक्कर एसीएल इजा जास्त. विदर्भात बाष्पीभवनाची कमतरता आहे का?

तिसरा हाफ
त्याच ऑर्चर्डांचं पुढचं म्हणणंही सांगा. त्यांचा रोख नुसत्या कडकपणावर नाही, बूट आणि जमीन यांच्यातल्या पकडीवर आहे. राय गवतापेक्षा बर्म्युडावर पकड जास्त बसते, हा त्यांचाच मुद्दा. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी! खोडांची जाड गादी तयार झाली की स्टड तिच्यात अडकतो, शरीर वळतं, पाऊल वळत नाही. त्यामुळे "छान हिरवं ग्राउंड" हेही सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नाही.

बॉक्सटर्फ प्रेमी
एवढ्या भानगडीपेक्षा टर्फवर खेळा ना. सपाट, खड्डा नाही, चिखल नाही, बारा महिने चालू.

मुरूम
काहून भाऊ, कोनत्या टर्फवर? चांगलं टर्फ म्हणजे खाली दाबलेली खडी, वर रबराचा शॉक पॅड (धक्का शोषणारी गादी), त्यावर ४० ते ६० मिलिमीटरचं पातं, त्यात आधी वाळू आणि वर रबराचे दाणे. फिफा क्वालिटी या प्रमाणपत्राच्या चाचणीत स्टड लावलेला तळ टर्फवर फिरवताना होणारा विरोध २५ ते ५० न्यूटन-मीटर या पट्ट्यातच हवा, धक्का शोषण वेगळं मोजतात. आपल्याकडे गच्चीवर किंवा काँक्रीटवर गालिचा चिकटवून निव्वळ वाळू भरलेले बॉक्स किती आहेत ते मोजा. वर्षभरात गोलसमोरचे दाणे उडून जातात, पातं आडवं पडतं. तिथे बोट उभं खुपसून बघा. पहिल्या पेऱ्याआधीच खालचा कापड लागला तर गोलकीपरने त्यावर डाइव्ह मारू नये.

शिवाय ताप. कॅनडात २०१५ च्या महिला विश्वचषकात एडमंटनच्या टर्फचं तापमान ४९ अंशांच्या आसपास मोजलं गेलं, आणि एडमंटन काही गरम गाव नाही. आपल्या एप्रिलच्या दुपारी चार वाजता काय होत असेल? पाणी मारलं तरी थोड्याच वेळात परत तापतं. सूर्य बुडाल्याशिवाय पोट्टे उतरवू नका.

बॉक्सटर्फ प्रेमी
ठीक, पण मुरमाच्या मैदानावर पडल्यावर गुडघ्याची साल निघते, त्याचं काय? बॉक्समध्ये सगळी इजा टर्फची नसते. पाच-पाच जणांच्या खेळात जागा कमी, वळणं जास्त, आणि बाजूला जाळीचे लोखंडी खांब.

मुरूम
खांबांना फोम गुंडाळायला कोणी अडवलं? बाकी बूट हा निम्मा प्रश्न आहे, त्यात दुमत नाही. मुरमावर किंवा वाळलेल्या काळ्या मातीवर लांब स्टडचे एफजी (फर्म ग्राउंड) बूट घालायचे नाहीत. स्टड आत जात नाहीत, सगळं वजन मोजक्या टोकांवर येतं, तळवा भाजल्यासारखा दुखतो. तिथे बारीक रबरी गुठळ्यांचा टीएफ (टर्फ) तळ. चिखलात उलट, टीएफ घातला तर स्केटिंग. एकच जोडी परवडत असेल तर जाडे, गोल, आखूड रबरी स्टड घ्या. पात्यासारखे चपटे स्टड हरळीवर आणि टर्फवर नको तेवढे धरतात.

काळीमाती
ग्राउंडवर करण्यासारखं सांगतो, नाहीतर चर्चा बुटांवरच राहील.

खड्डे बुजवायचे ते माती ओलसर असताना, म्हणजे शेवटच्या मोठ्या पावसानंतर तीन-चार दिवसांत. हाताने दाबली की गोळा होते पण बोटाला चिकटत नाही, तेव्हा दाताळी ओढून हलका रोलर फिरवा. त्याआधी फिरवला तर चिखल दाबून थर घट्ट होतो, उशीर केला तर रोलर नुसता वाजतो. भेगांत चाळलेली तीच माती भरा. थोडी वाळू मिसळायचा सल्ला सगळे देतात, तो ऐकू नका. काळ्या मातीत थोडी वाळू गेली की मिश्रण आणखी टणक होतं. निचरा सुधारायचा तर वाळू बहुतांश हवी, नाहीतर चर खणून त्यांत वाळू. जिप्सम घालायचं ते माती परीक्षणात सोडियम जास्त आलं तरच.

पाणी सरावाच्या आदल्या संध्याकाळी. तासभर आधी मारलं की जूनचाच निसरडा थर हाताने तयार केला. १०० बाय ६४ मीटरच्या मैदानाला ५ मिलिमीटर पाणी म्हणजे ३२,००० लिटर.

मुरूम
म्हणजे दहा हजारवाले तीन टँकर, वर आणखी थोडं. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओरड असताना देईल कोण? फक्त दोन गोलसमोरचा भाग आणि मधला पट्टा भिजवा, तिथेच जास्त वळणं होतात.

तिसरा हाफ
आणि भिजवलेल्या-कोरड्याच्या सीमेवर काय होईल? तुमच्या क्रिकेट पट्टीचाच प्रकार. त्यापेक्षा ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे खड्ड्यांच्या भागावर खेळच ठेवू नका. कोपऱ्यातल्या बऱ्या जागेत पासिंग, बाकी वेळ ताकदीचे व्यायाम. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग या मांडीमागच्या स्नायूच्या व्यायामाला चटई आणि पाय धरणारा जोडीदार पुरतो.

काळीमाती
हे मान्य. पण म्हणजे ग्राउंड बघून सराव बदलायचा, हे तुम्हीही म्हणालात.

तिसरा हाफ
बदला, पण आधी मोजा. वहीत तारीख, जागा, ओलं की कोरडं, बूट कोणते, टक्कर झाली की नाही, किती दिवस बाहेर. आणि तास. २० मुलं, आठवड्याला ४ सराव, दीड तासाचे, म्हणजे सगळ्यांचे मिळून १२० तास. इजांचा दर हजार तासांमागे मोजतात, तेवढे भरायला आठ-नऊ आठवडे. सामन्यांचे तास वेगळ्या पानावर, कारण सामन्यात इजांचा दर सरावापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि एकत्र केले तर सगळा दोष स्पर्धेच्या मैदानावर जातो. जूनपासून डिसेंबरपर्यंत दोन क्लबांनी एवढं लिहिलं, तरी तुमचा ऑक्टोबर खरा की माझे शाळा-क्लबचे दुहेरी तास, ते दिसू लागेल.

मुरूम
वही ठेवायची कोणी? कोचने ठेवली तर "वॉर्म-अप झाला" प्रत्येक पानावर येईल. एखाद्या पालकाकडे द्या.