'मीटिंग फॉर वर्शिप'ला मराठीत काय म्हणावं?

सेलीओककर
बर्मिंगहॅमच्या आमच्या क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) सभेला हल्ली काही मराठी कुटुंबं येतात, कधी सोबत भारतातून आलेले आईवडील असतात. नवख्यांना दारात द्यायचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. सभा तासाभराची. सगळे गप्प गोल बसतात, मध्ये टेबल, त्यावर फुलं नि बायबल. पाद्री नाही, गाणी नाहीत. कोणाला आतून अगदीच राहवलं नाही तर तो उभा राहून चार वाक्यं बोलतो. शेवटी दोन ज्येष्ठ हात मिळवतात, की सभा संपली. तर 'वर्शिप'ला काय लिहू? 'पूजा' लिहिलं तर आजी नैवेद्य शोधतील. आणि हे उभं राहून बोलणं म्हणजे 'मिनिस्ट्री'. मशीनने त्याचं 'मंत्रालय' केलंय!

तात्या_सदाशिव
मौनोपासना. आणि 'हात मिळवतात' काय? 'हस्तांदोलन करतात' लिहा.

नगरची_लेक
'उपासना' अगदी बरोबर. आमच्या चर्चमध्ये रविवारी उपासनेलाच जातात. उप अधिक आस, म्हणजे जवळ बसणं. तुम्ही तर नुसते बसताच! ज्येष्ठांना मराठी बायबलात 'वडील' म्हणतात, पण तो शब्द पत्रकात नको. लोक विचारतील, कोणाचे वडील?

खटपट्या
उपासना म्हटलं की मला साबुदाणा दिसतो. 'मौनध्यान' लिहून मोकळे व्हा. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलंय मी, तिथलं आर्य मौन म्हणजे हेच.

सेलीओककर
हेच नाही हो. तिथे शेजाऱ्याला खूणसुद्धा करायची नाही, ज्याचं त्याने बघायचं. इथे एकत्र बसण्यालाच महत्त्व. डोळे मिटा, उघडे ठेवा, कोणी विचारत नाही. एक जण बोलला की लगेच दुसरा उठत नाही, मध्ये बराच वेळ जाऊ देतात, आणि आधीच्याला उत्तर तर द्यायचंच नसतं. नवख्यांना नेमकं हेच ठाऊक नसतं. मागे एक काका उभे राहिले आणि नाव, गाव, मुलाची कंपनी, स्वतःची बायपास, सगळं सांगून बसले. कोणी हूं की चूं केलं नाही. नंतर चहाला मात्र त्यांच्याभोवती ही गर्दी! पुढच्या रविवारी काका पुन्हा हजर.

पाटीवाला
'मौन' नकोच. आमची आत्या मौनात गेली की स्वयंपाकघरात भांडी आपटायची. 'शांत बैठक' लिहा.

रांगडा_गडी
बैठक? आमच्याकडं बैठकीची लावणी असती. तिकडं रायगडात बैठकीला जातात ते निरूपण ऐकायला. काकांना कुठल्या बैठकीला नेणार, ते आधी ठरवा.

तात्या_सदाशिव
'मौन' हा 'मुनी'वरून आलेला शब्द, मुनीचा भाव तो मौन. आत्याबाईंच्या भांड्यांवरून शब्दाची किंमत ठरवू नये. गारगोटीचं मौनी विद्यापीठ पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावाचं आहे, ते काय रुसले होते?

नगरची_लेक
मग 'क्वेकर'चं काय कराल, तात्या? तो शब्दच मुळात टिंगलीचा. या पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स न्यायाधीशाला म्हणाला, देवाच्या वचनापुढे थरथर काप. त्यावर 1650 साली डर्बीच्या त्या न्यायाधीशाने यांनाच 'क्वेकर', म्हणजे 'थरथरे' ठरवलं. ते स्वतःला म्हणतात फ्रेंड्स.

खटपट्या
म्हणजे मित्र मंडळ! वर्गणी किती?

वर्धेकर
वर्गणीवाल्यांसाठी: 1947चं शांततेचं नोबेल याच मंडळाच्या लंडनच्या आणि अमेरिकेच्या संस्थांना मिळालंय. आमच्या सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाचं काम केलेल्या मार्जोरी साइक्स क्वेकरच. आणि सगळे क्वेकर गप्प बसतात असंही नाही. सर्वांत जास्त क्वेकर केनियात, तिथे बहुतेक ठिकाणी पाद्रीही असतो नि गाणीही. तेव्हा पत्रकात 'आमची सभा मौनाची असते' एवढं साधं वाक्य पुरे, नाव 'क्वेकर सभा'च ठेवा.

तात्या_सदाशिव
इंग्रजी शब्द तसेच ठेवायचे तर भाषांतर कशाला?

पाटीवाला
टेबल चालतं, क्वेकर चालत नाही?

सेलीओककर
मंडळी, 'मिनिस्ट्री' राहिलं. मी तूर्त 'मनोगत' लिहिलंय, पण मग काकांचं काही चुकलंच नाही.

खटपट्या
ते होईल हो. आधी हस्तांदोलनाचं बघा. ते वाचलं की मला मोर्चाच दिसतो.

तात्या_सदाशिव
आंदोलन म्हणजे हेलकावा. मोर्चे फार नंतरचे.

रांगडा_गडी
मग आमच्या एस्टीतबी दिवसभर आंदोलनच चालतंय म्हणा की.